रिकामा रकाना

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ताईचा फोन आला. "उद्याचं रद्द केलंय. चिऊच्या रक्तात काहीतरी निघालंय."

चिऊ म्हणजे माझी भाची. सव्वासहा वर्षांची. वर्षभरात सात वेळा घसा धरलेला, दर वेळी ताप, अँटिबायोटिक आणि शाळेला दांडी. रात्री घोरता घोरता मध्येच तिचा श्वास अडकायचा आणि ताई दचकून उठून बसायची. टॉन्सिल काढायचं ठरलं होतं. भूलतज्ज्ञांनी रिपोर्ट चाळताना एका आकड्यावर बोट ठेवलं: एपीटीटी ४३ सेकंद. लॅबच्या हिशेबाने ३६ पर्यंत ठीक. म्हणजे नळीत चिऊचं रक्त गोठायला सात सेकंद जास्त लागत होते. "रक्ताच्या डॉक्टरांना दाखवा, मग बघू," असं सांगून त्यांनी फाइल परत दिली.

मी सॉफ्टवेअरवाला. रात्री दोन वाजता सर्व्हरचा अलार्म वाजला की उठून लॅपटॉप उघडायचा, हे माझं काम. या कामात माणूस एक गोष्ट लवकर शिकतो: अलार्म वाजला म्हणजे काही बिघडलंच असं नाही, आणि वाजला नाही म्हणजे सगळं ठीक आहे असंही नाही. त्यामुळे मला पडलेला पहिला प्रश्न अगदी धंद्याचा होता. हा सात सेकंदांचा अलार्म किती वेळा खरा निघतो?

उत्तर शोधायला बसलो आणि पुढचे तीन आठवडे त्यातच अडकलो. बायोलॉजी मी दहावीनंतर सोडलेलं, त्यामुळे निम्मा वेळ शब्द शोधण्यात गेला. पण हळूहळू लक्षात आलं की प्रश्न फार जुना आहे. ज्या मुलाला अजून काहीच झालेलं नाही, त्याला कापलं तर किती रक्त जाईल, हे आधी कसं ओळखायचं?

जाता जाता एक नोंद. चिऊच्या फाइलमध्ये हॉस्पिटलचा एक छापील फॉर्म होता. त्यात एक ओळ होती, "कुटुंबात कुणाला रक्तस्रावाचा त्रास?" भाऊजींनी 'नाही'वर टिक केली होती. त्या टिकेकडे नंतर परत यायचंय.

*

या प्रश्नाचं मला सापडलेलं सगळ्यात जुनं उत्तर ज्यूंच्या तालमूदमध्ये आहे. ज्यू मुलाची सुंता जन्मानंतर आठव्या दिवशी होते. म्हणजे प्रत्येक मुलग्यावर एक छोटं ऑपरेशन, आणि तेही तो आठ दिवसांचा असताना. काही घरांतली मुलं त्यात दगावायची. तालमूदमधली चर्चा अशी: पहिला मुलगा सुंतेनंतर गेला, दुसराही गेला, तर तिसऱ्याची करायची का? एक मत म्हणतं, दोन पुरे झाले, तिसऱ्याला सोडा. दुसरं मत म्हणतं, तिसऱ्याची करा, चौथ्याला सोडा. दोन वेळा घडलं तर योगायोग की नियम, यावरचा हा वाद दुसऱ्या शतकातला आहे. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला आम्ही हेच शिकलो होतो, फक्त तिथे मुलांऐवजी नाणी उडवायची होती.

याच चर्चेत चार बहिणींची गोष्ट येते. गॅलिलीतल्या सेप्फोरिस गावच्या चौघी. पहिलीचा मुलगा सुंतेनंतर गेला, दुसरीचा गेला, तिसरीचा गेला. चौथी आपल्या मुलाला घेऊन रब्बान शिमोन बेन गमलिएलकडे आली. त्याने सांगितलं, याची करू नकोस.

चौथीच्या त्या मुलाला कधी खरचटलंही नसेल. त्याच्याबद्दलची सगळी माहिती त्याच्या मावश्यांच्या घरातून आली होती. नंतर बाराव्या शतकात मायमोनिडीसने, जो स्वतः वैद्य होता, नियम आणखी स्पष्ट केला: बाईने दुसरं लग्न केलं आणि मुलांचे बाप वेगळे असले तरी नियम तोच. म्हणजे धागा आईकडून येतो हे त्यांना कळलेलं होतं. जनुक, फॅक्टर, प्लाझ्मा यातला एकही शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता. १८०३ साली फिलाडेल्फियाच्या जॉन कॉनराड ओटो या डॉक्टरने अमेरिकेतल्या एका घराण्याबद्दल तेच लिहिलं: रक्त वाहतं पुरुषांचं, पण वारसा येतो बायकांकडून. तो हिमोफिलिया होता, आणि हिमोफिलिया तसा ठळक आजार आहे. सांध्यांत रक्त साचतं, मूल रांगायला लागलं की निळे-काळे डाग दिसतात. घरच्यांना तो कळतोच.

अवघड असतात ते सौम्य विकार. असं मूल धावतं, पडतं, खरचटतं, सगळं इतरांसारखंच. अडचण येते ती कुणी पहिल्यांदा सुरी लावल्यावर.

*

विसाव्या शतकात डॉक्टरांना गोष्टींपेक्षा आकडे हवेसे वाटू लागले. १९१० साली विल्यम ड्यूक या अमेरिकन डॉक्टरने एक चाचणी मांडली. इतकी साधी की ती मला शाळेच्या प्रयोगवहीतली वाटली. कानाच्या पाळीला बारीक छेद द्यायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला टीपकागद टेकवून रक्ताचा ठिपका उचलायचा. ठिपके लहान लहान होत जातात आणि थांबतात. किती ठिपके पडले ते मोजा, निम्मे करा, झाली मिनिटं. हा 'ब्लीडिंग टाइम'. ज्यांच्या प्लेटलेट्स फार कमी आहेत त्यांचे ठिपके थांबतच नाहीत आणि दुसऱ्याचं रक्त दिलं की लवकर थांबतात, हे त्याने दाखवून दिलं.

त्या लेखाबद्दल वाचताना मला तो कागद डोळ्यांसमोर दिसला. मोठ्या ठिपक्यापासून बारकाईकडे जाणारी लाल रांग. रक्त थांबण्याचा आलेखच तो. सर्जनांना ही चाचणी फार आवडली, आणि का आवडली ते मला पूर्ण समजतं. रक्त थांबेल का, असं विचारायचं, आणि उत्तर म्हणून रक्त थांबताना समोर बघायचं. डेमोसारखं.

पुढे पाळीऐवजी हात आला, दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा ४० वर ठेवून छेद देण्याची पद्धत आली, छेद एकसारखा यावा म्हणून साचा आला. चाचणी ऐंशी वर्षं टिकली. पण तिचा सगळ्यात मोठा उपयोग सर्जनांना झाला नाही. तो झाला एका बेटावरच्या कुटुंबाला.

*

फिनलंड आणि स्वीडनच्या मधल्या समुद्रात ऑलंड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या फ्योग्लो बेटावरची ह्योर्दिस नावाची पाच वर्षांची मुलगी १९२४ साली हेलसिंकीत डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांडकडे आली. तिच्या बहिणींपैकी काही जणी लहानपणीच रक्त जाऊन दगावल्या होत्या. फॉन विलेब्रांडने तिच्या घराण्यातल्या ६६ जणांची माहिती गोळा केली. २३ जणांना रक्तस्रावाचा त्रास होता, आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त होत्या.

त्या काळच्या समजुतीत हे बसत नव्हतं, कारण रक्त न थांबणं हा पुरुषांचा आजार मानला जायचा. शिवाय या लोकांच्या सांध्यांत रक्त साचत नव्हतं. त्यांचं रक्त जायचं नाकातून, हिरड्यांतून, दात काढल्यावर, आणि बायकांचं पाळीत. प्लेटलेट्स मोजल्या तर पुरेशा. नळीत रक्त गोठायला लागणारा वेळही बरोबर. चुकत होता फक्त ड्यूकच्या कागदावरच्या ठिपक्यांचा हिशेब. १९२६ साली त्याने स्वीडिश भाषेत लेख लिहून या आजाराला 'आनुवंशिक खोटा हिमोफिलिया' असं नाव दिलं. आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकारांत हा सगळ्यात जास्त आढळणारा, आणि बहुतेकांत सौम्य.

ह्योर्दिसचा सौम्य नव्हता. पाच वर्षांची असताना ती वाचली. तेराव्या वर्षी, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत, रक्त जाऊन ती गेली.

हे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. चौथ्या पाळीत. म्हणजे आधीच्या तीन वेळाही तिचं असंच रक्त गेलं असणार. त्या घरात रक्ताची भीती पिढ्यान् पिढ्यांची होती, डॉक्टरांना तिचं नाव माहीत होतं, आणि तरीही.

*

१९३५ ते १९६१ या काळात नळीतल्या चाचण्या आल्या. आधी आर्मंड क्विकची प्रोथ्रॉम्बिन टाइम, आणि शेवटी चिऊच्या रिपोर्टवरची एपीटीटी. रक्तातून पेशी वेगळ्या काढायच्या, उरलेल्या पिवळसर प्लाझ्मात रसायनं घालायची आणि घड्याळ लावायचं. या चाचण्यांनी हिमोफिलियाचं निदान आणि औषधांचा डोस ठरवणं सोपं झालं, त्यांचं ते श्रेय आहेच. पण ऑपरेशनआधीची भविष्यवाणी म्हणून त्यांचं काय? दोन केसेस मला मिळाल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की गंमत कळते.

पहिली जॉन हेगमनची. क्लीव्हलंडचा हा रेल्वे कर्मचारी पोटाच्या ऑपरेशनसाठी दाखल झाला. आधी नेहमीची तपासणी केली तर याचं रक्त काचेच्या नळीत गोठायलाच तयार नाही. आकडा बघून कुणीही हात लावला नसता. पण याला विचारलं तर आयुष्यात कधीच रक्ताचा त्रास नाही. ऑस्कर रॅटनॉफने १९५५ साली दाखवलं की त्याच्या रक्तात एक घटक नाहीच. आज त्याला फॅक्टर बारा म्हणतात. नळीत गोठायला तो लागतो, शरीरात रक्त थांबवायला लागत नाही. १९६८ साली हेगमन कामावर पडला, कंबरेचं हाड मोडलं, आणि तो गेला तो फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून. ज्याचं रक्त गोठत नाही म्हणून डॉक्टर घाबरले होते, त्याचा जीव गोठलेल्या रक्ताने घेतला.

दुसरी केस १९५३ ची, अमेरिकेतल्याच दोन बहिणी आणि त्यांच्या मामाची. एरवी तिघंही ठणठणीत. दात काढले, टॉन्सिल काढले, आणि रक्त थांबेना. रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यात फॅक्टर अकराची कमतरता शोधली. हा विकार तर आकड्यांची चेष्टाच करतो. पातळी फार कमी असलेला माणूस ऑपरेशनमधून आरामात बाहेर येतो आणि थोडीच कमी असलेल्याचं रक्त वाहत राहतं. त्यातही जागा कोणती यावर बरंच ठरतं. तोंड, घसा, नाक अशा ठिकाणी गुठळी विरघळवणारी यंत्रणा जोरात असते. हाताच्या जखमेवर टिकणारी गुठळी टॉन्सिलच्या जागी टिकेलच असं नाही. म्हणून इतक्या सौम्य विकारांच्या कहाण्या दात आणि टॉन्सिलपासून सुरू होतात.

ड्यूकच्या चाचणीचंही पुढे हेच झालं. १९९० साली रॉजर्स आणि लेविन या दोघांनी तिच्यावरचं सगळं लिखाण उपसून पाहिलं. ब्लीडिंग टाइमवरून ऑपरेशनमधला रक्तस्राव सांगता येतो, याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. कातडीतला छेद आणि पोटातला छेद यांचा संबंध सगळ्यांनी गृहीत धरला होता, तपासला नव्हता. १९९८ साली अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनांनीही ऑपरेशनआधीची नेहमीची तपासणी म्हणून तिचा फायदा नसल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे मात्र ऑपरेशनआधीच्या चिठ्ठीत 'बीटी-सीटी' अजून लिहिलं जातं. चिऊच्याही चिठ्ठीत होतं. तिची बीटी नॉर्मल होती.

*

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. हिशेब पाटीवर मांडण्याइतका सोपा आहे.

लॅबची नॉर्मल रेंज साधारणपणे अशी आखतात की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्या आत येतात. म्हणजे अडीच टक्के निरोगी माणसं वरच्या रेषेच्या पलीकडे असणार, हे रेषा आखतानाच ठरलेलं आहे. हजार निरोगी मुलांची चाचणी केली की पंचवीस आया माझ्या ताईसारख्या रात्रभर जागणार. आता समजा, हजारात दहा मुलांना खरोखर सौम्य विकार आहे आणि चाचणीने त्यांतली निम्मी पकडली. म्हणजे तीस अलार्म, त्यांतले खरे पाच. आणि उरलेली पाच मुलं 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन ऑपरेशनला जाणार. निम्मी हा आकडा मी हिशेबापुरता धरलाय. पण सौम्य फॉन विलेब्रांडमध्ये एपीटीटी अगदी नॉर्मल असू शकते, त्यामुळे मी फार कंजूषपणा केलाय असं नाही.

टॉन्सिलच्या मुलांत आणखी एक भानगड असते. वारंवार घशाचा संसर्ग झालेल्या मुलांच्या रक्तात कधी कधी एक प्रतिपिंड तयार होतं. ते नळीतल्या रसायनाला चिकटतं आणि चाचणी लांबवतं. शरीरात मात्र रक्त वाहण्याशी त्याचा संबंध नसतो, आणि काही आठवड्यांत ते बहुतेक वेळा आपोआप निघून जातं. म्हणजे ज्या आजारासाठी टॉन्सिल काढायचे, तोच आजार टॉन्सिल काढण्याआधीची चाचणी बिघडवतो.

हजारात दहा हे मात्र मी हवेतून घेतलेलं नाही. १९८७ साली रोडेगिएरो आणि सहकाऱ्यांनी इटलीच्या व्हेनेतो भागातल्या १२१८ शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत दहा मुलांना फॉन विलेब्रांड रोग असल्याचं त्यांनी ठरवलं. जवळपास शंभरात एक. दवाखान्यात तर एवढे पेशंट कधीच दिसत नव्हते. मग ही बाकीची मुलं कोण? आजारी, की बुटक्या माणसासारखी फक्त रेंजच्या खालच्या टोकाला असलेली? यावर इव्हान सॅडलर यांनी २००३ मध्ये, या रोगाचा सौम्य प्रकार म्हणजे आजाराच्या शोधात असलेलं निदान आहे, अशा अर्थाचं शीर्षक देऊन लेख लिहिला. मला तो वाद आवडला. आमच्याकडे याला बग की फीचर म्हणतात.

*

यातून डॉक्टर शेवटी जिथे पोचले ती जागा पाहून मला सेप्फोरिसच्या चार बहिणी आठवल्या. रॅपापोर्ट नावाच्या रक्तविकारतज्ज्ञाने १९८३ सालीच विचारलं होतं की ऑपरेशनआधी नेमक्या कोणत्या चाचण्या करायच्या, आणि मुळात करायच्या तरी का. आधी माणसाची हकीकत आणि ऑपरेशन कोणतं ते पाहा, त्यावर चाचण्या ठरवा, असं त्याचं म्हणणं. पण हकीकत म्हटलं की प्रत्येक डॉक्टर वेगळी विचारणार. मग इटलीतल्या लोकांनी हकीकतीलाच गुण द्यायला सुरुवात केली. नाकातून रक्त किती वेळा, किती मिनिटं, डॉक्टरकडे जावं लागलं का. २००९ साली कॅनडातल्या गटाने त्याची लहान मुलांसाठीची आवृत्ती तपासून पाहिली. तिच्यात नाळ पडताना रक्त गेलं का, सुंतेनंतर गेलं का, सुई टोचल्यावर गेलं का, असे प्रश्न जास्तीचे आहेत. एकूण गुण दोन किंवा जास्त आले की पुढे तपासा.

ही प्रश्नावली मी एखाद्या कोड रिव्ह्यूसारखी वाचली. आणि एका ओळीवर थांबलो. ऑपरेशनच्या रकान्यात गुण असे आहेत: दोन किंवा जास्त ऑपरेशनं झाली आणि रक्त गेलं नाही तर उणे एक. ऑपरेशन झालंच नाही, किंवा एकच झालं आणि रक्त गेलं नाही, तर शून्य.

आमच्या धंद्यात 'शून्य' आणि 'माहिती नाही' एकाच खणात ठेवणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये सोलून काढतात. पण इथे मला त्यांची अडचण दिसली. मोठ्या माणसाने पन्नास वर्षांत दोन दाढा काढलेल्या असतात, अपेंडिक्स झालेलं असतं, बाळंतपणं झालेली असतात. त्याचं शरीर परीक्षेला बसून आलेलं असतं. सहा वर्षांच्या चिऊचा तो रकाना रिकामा. पाळीचा रकाना रिकामा. तिच्याबद्दलची माहिती कुठे शोधायची, तर चौथ्या बहिणीच्या मुलाची जिथे होती तिथे. आई, आजी, मावशी.

आणि आमच्या फॉर्मवर तर 'नाही'ची टिक होती.

*

रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी भाऊजींना विचारलं, "घरात कुणाला?" भाऊजी म्हणाले, "नाही." ताईकडे पाहिलं, ती म्हणाली, "तसं काही नाही." मॅडम थोडं थांबल्या आणि भाऊजींना व मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं खाली जाऊन चहा घेऊन या."

आम्ही परत आलो तेव्हा ताईचे डोळे लाल होते आणि मॅडमच्या कागदावर दोन्ही बाजूंनी मजकूर होता. पुढचं ताईला आणि आईला विचारून लिहितोय.

ताईची पाळी आठ-आठ दिवस चालते. पहिले दोन दिवस ती रात्री गजर लावून उठते. तिच्या दोन्ही बाळंतपणांनंतर तिला लोहाची सलाइन लावावी लागली होती. आईचं तर मला अर्धवट माहीत होतं, "आईची पिशवी काढली" इतकंच. वय ४१. काढली कशासाठी, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. अंगावरून जायचं म्हणून. वर्षानुवर्षं जायचं म्हणून. मावशीचंही तसंच. आणि या तिघींच्या मते हा त्रास नव्हताच. "आपल्याकडे सगळ्यांचं असंच असतं," हे आईने ताईला चौदाव्या वर्षी सांगितलं होतं आणि ताईने ते मान्य केलं होतं. ज्या घरात सगळ्यांचंच असं असतं, त्या घरात ते कुणालाच वेगळं दिसत नाही.

चिऊचा घोळणा फुटायचा. दर मेमध्ये. माझाही लहानपणी फुटायचा. डोक्यावर गार पाणी, नाकाशी कांदा, दूर्वांचा रस. उष्णता म्हणून सोडून दिलेलं. मॅडमनी विचारलं, "किती वेळ?" ताई म्हणाली, "अर्धा तास तरी." शिवाय हिवाळ्यातही फुटला होता, दोनदा. तेव्हा उष्णता कसली, हा प्रश्न आमच्यातल्या कुणालाच पडला नव्हता.

एपीटीटीचं कोडं लवकर सुटलं. चिऊच्या प्लाझ्मात निरोगी माणसाचं प्लाझ्मा निम्मं मिसळून चाचणी परत केली. घटक कमी असता तर वेळ सुधारला असता. सुधारला नाही, म्हणजे तेच ते प्रतिपिंड. सहा आठवड्यांनी एपीटीटी ३४ आली. अलार्म खोटा होता.

त्याच दिवशीच्या नमुन्यात फॉन विलेब्रांड घटक ६२ टक्के आला होता. साधारण पन्नासच्या वर नॉर्मल धरतात. एरवी तिथेच फाइल बंद झाली असती. पण सुई टोचताना चिऊने दवाखाना डोक्यावर घेतला होता. मी तिचे पाय धरले होते, मला लाथ बसलीय. आणि हा घटक रडण्याने, भीतीने, तापाने वाढतो. मॅडमनी आजीची हकीकत डोळ्यांपुढे ठेवून चाचणी परत करायला सांगितली. या वेळी हाताला बधिर करणारं मलम लावलं, मोबाइलवर कार्टून लावलं. ४१ टक्के. आणखी महिन्याने ३९.

चिऊचा रक्तगट ओ. ओ गटाच्या लोकांत हा घटक बाकीच्यांपेक्षा साधारण पाव हिश्शाने कमी असतो, त्यामुळे तिच्यातला किती भाग गटाचा आणि किती घराण्याचा हे सांगणं कठीण आहे. इथे एक मुंबईचा धागा मला अनपेक्षितपणे मिळाला. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट आपण क्विझमधून ओळखतो. त्या लोकांत ओ गटातही असलेली एक साखर नसते. २००५ सालच्या एका अभ्यासात दिसलं की त्यांच्यातही हा घटक कमी असतो. रक्तगट ठरवणाऱ्या साखरा याच घटकावरही चिकटलेल्या असतात, हे त्यामागचं कारण.

*

पुढचं पटकन सांगतो. ऑपरेशन झालं. औषधं दोन होती, दोन्हींमागे गोष्ट आहे. डेस्मोप्रेसिन हे मुळात लघवी आवरणारं औषध. शरीरात साठलेला फॉन विलेब्रांड घटक ते रक्तात सोडायला लावतं, आणि त्याच्या जोरावर दात काढता येतात, ऑपरेशन करता येतं, हे मान्नुच्ची आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं. पण ते पाणीही धरून ठेवतं. लहान मुलाला ते दिल्यावर पाणी मोजून दिलं नाही तर सोडियम उतरून झटके येऊ शकतात. 'खबरदारी म्हणून सगळ्यांनाच देऊन टाका' असं म्हणता येत नाही ते यामुळे. चिऊला आधी एक दिवस देऊन घटक किती वाढतो ते पाहिलं, मग ठरवलं. दुसरं औषध ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड, तयार गुठळी टिकवणारं. ते जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने शोधलं, १९६२ साली. बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायकांसाठी उताकोबाईंना ते हवं होतं, आणि बाळ सांभाळायला कुणी नाही म्हणून त्या मुलीला पाठीला बांधून प्रयोगशाळेत जायच्या.

टॉन्सिलचं दुसरं रक्त पाचव्या ते दहाव्या दिवसात येतं, जखमेवरची पांढरी खपली सुटते तेव्हा. तोपर्यंत मूल घरी असतं. लहान मुलं रक्त थुंकत नाहीत, गिळतात. म्हणून झोपेत मूल सारखं गिळतंय का ते पाहायला सांगतात.

सातव्या रात्री माझी पाळी होती. आईही बसली होती, तिला झोप येत नव्हती. मॅडमनी घराण्याचा नकाशा काढायला दिला होता, बायकांना वर्तुळं, पुरुषांना चौकोन. मी तो फोनवर भरत होतो. आईचं वर्तुळ भरलं, मावशीचं भरलं. वरच्या ओळीत आईच्या आईचं वर्तुळ होतं. मी आजीला पाहिलेलंच नाही.

"कशाने गेली गं?"

"बाळंतपणात. मी चार वर्षांची होते. तुझ्या मामाच्या वेळी."

"पण कशाने?"

"कोण सांगणार? खोलीतून बायका फडकी धुवायला नेत होत्या, तेवढं आठवतं. खूप फडकी."

मी त्या वर्तुळापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. चिऊने झोपेत एकदा गिळलं. आम्ही दोघं पुढचं गिळणं कधी येतंय याची वाट बघत बसलो. बराच वेळ आलं नाही.